चंदनाच्या आळ्यातलं तण

भोपाळला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. तलाव पाहिला का, आणि सांचीला गेला होतात का. तलाव पाहिला, चालत्या रिक्षातून, डाव्या बाजूनं. सांची राहिली. ज्यांना स्तूपांबद्दल वाचायचंय त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी लिखाण काढावं. मी भोपाळला गेले ते एक झाड मरतंय का ते बघायला. आणि खोटं कशाला बोलू, ते मेलेलंच बरं असा निरोप घेऊन गेले.

निरोप होता रोहिणीचा. रोहिणी म्हणजे माझ्या चुलतभावाची, नानाची मुलगी. नाना माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. साताऱ्याहून तेविसाव्या वर्षी भोपाळच्या सरकारी कारखान्यात टेक्निशियन म्हणून गेला आणि तिथलाच झाला. कोटरा सुल्तानाबादला घर बांधलं, रोहिणीला शिकवून पुण्याला दिली, आणि निवृत्त झाल्यावर सुधावहिनी आणि तो दोघं अंगणात चंदन लावायच्या मागे लागले. देवाला घरच्या चंदनाचं गंध लावायचं, ही वहिनीची हौस. तीन रोपं लावली, तिन्ही गेली. मग वहिनीही गेली.

वहिनीच्या वर्षश्राद्धाला गेल्या वर्षी चैत्रात आम्ही सगळे पुण्यात जमलो होतो. जेवणं चालू असताना रोहिणीनं विषय काढला, की बाबांनी आता आमच्याकडे राहावं. नाना पाणी प्यायला, त्यानं भांडं खाली ठेवलं आणि सत्तर माणसांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पोरीच्या घरी बांडगूळ होऊन राहणार नाही. परवाच हिच्या नावानं चौथं चंदन लावलंय. ते आहे तोवर मी भोपाळ सोडणार नाही. ते गेलं तर बघू." पुढे कुणाची बोलायची छाती झाली नाही. वाढपी मात्र मठ्ठा घेऊन नेमका तेव्हाच आला.

या श्रावणात नाना न्हाणीघरात पडला आणि दोन तास तसाच पडून राहिला. हाड मोडलं नाही एवढंच. तेव्हापासून रोहिणीचा जीव थाऱ्यावर नाही. दसऱ्यानंतर तिचा मला फोन आला. बाबा म्हणतायत झाड पिवळं पडलंय, सुमाआत्या, तू शाळेत जीवशास्त्र शिकवायचीस, तू जा आणि बघ. गेलं असेल तर बाबांना घेऊनच ये. मी बरं म्हटलं. जरा थांबून ती म्हणाली, "आणि आत्या, जाणारच असेल तर वाचवत बसू नकोस."

मी तिला शब्द दिला.

कोटरा सुल्तानाबाद

स्टेशनवर नाना स्वतः आला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बारीक झालेला. पाया पडायला वाकले तर म्हणाला, "ते सोड, पहिले नाश्ता करून घेऊ, मग घरी निघू." चाळीसहून जास्त वर्षं तिथं काढल्यावर त्याची मराठी अशी झाली आहे. व्याकरण साताऱ्याचं, चाल भोपाळची.

नाश्ता म्हणजे पोहे आणि जिलबी. एकानंतर एक नव्हे, एकदम. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबाची फोड पडली की बाई खूश. इथं पोहे वाफेवरचे, बडीशेप घातलेले, वर शेवेचा डोंगर, आणि त्याच कागदावर शेजारी गरम जिलबी. बरोबर आलेले माझे यजमान म्हणजे आयुष्यभर चहाबरोबर काय खावं याचेही नियम असलेला माणूस. पोस्टात होते. त्यांनी आधी जिलबी बाजूला सरकवली. मग तिचा पाक पोह्यांना लागला. मग त्यांनी तो घास खाल्ला आणि दुसरी प्लेट मागवली. नाना म्हणाला, "दाजी, संकोच नका करू, अजून घ्या ना." दाजींनी संकोच पुढचे चार दिवस केला नाही.

घर तसंच होतं, लख्ख. नानाच्या भिंतीवर हत्यारं टांगलेली असतात आणि प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचा आकार रंगानं काढलेला असतो, म्हणजे पान्याच्या जागी पक्कड टांगली तर भिंतच बोलून दाखवते. बॅग ठेवली न ठेवली तोच त्यानं मला मागच्या अंगणात नेलं.

झाड कमरेएवढं. पानं पिवळी, शेंडा वाळत आलेला. पण माझी नजर झाडावर नव्हती, आळ्यावर होती. विटांचं गोल आळं, ओळंब्यात बांधलेलं, गेरू आणि चुन्याचे आलटूनपालटून पट्टे. आत माती चाळणीनं चाळल्यासारखी. एक काडी नाही, एक पान नाही, गवताचं एक पातं नाही. तिथं ताट मांडून जेवायला बसावं इतकं स्वच्छ.

मी विचारलं, इथं दुसरं काहीच का नाही लावलंस? एखादी तुळस तरी? नाना माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी गाभाऱ्यात चपला घालून आले. तुळशीला तिचं वृंदावन आहे म्हणाला. हे देवाचं झाड, याच्याजवळ दुसरं काही येता कामा नये. वहिनीचा नेम होता तो. रोज अंघोळ झाल्यावर, चहाच्याही आधी, खुरपं घेऊन बसायचं आणि आळं निवडायचं. वहिनी तांदूळ निवडायची तसं दोघं मिळून निवडायचे. आता एकटा निवडतो.

झालं. पहिल्या पाच मिनिटांत मला रोग कळला, आणि तो कळला म्हणून मी स्वतःवरच वैतागले.

त्याचं असं आहे. चंदनासारखं झिजावं म्हणून आपण पोरांना सांगतो, निरोपसमारंभात कुणाच्याही गळ्यात ते विशेषण घालतो. पण हे चंदन स्वतः काय करतं? त्याला हिरवी पानं असतात, त्यामुळे थोडंफार अन्न ते स्वतः शिजवतं. पण जमिनीतलं पाणी आणि क्षार स्वतः नीट ओढायची त्याला ताकद नाही. मग ते काय करतं, शेजारच्या झाडाच्या मुळापर्यंत आपलं मूळ नेतं, त्याला बारीक गाठीनं चिकटतं, आणि तिथून पितं. वर्षानुवर्षं. वर सगळं सोवळं, खाली सगळी उधारी. आठवीच्या वर्गाला मी दर वर्षी हे सांगत असे आणि दर वर्षी एक तरी पोर उठून म्हणे, बाई, मग चंदन चोर का? अर्धपरोपजीवी म्हणायचं बाळा, एक मार्काला येतं.

तर आजूबाजूचं सगळं तण उपटून नाना आणि वहिनीनं तीन चंदनं प्रेमानं उपाशी मारली होती. अशी चूक करायला माणूस मुळात भाविक पाहिजे आणि वर टापटिपीचा पाहिजे. आळशी माणसाच्या अंगणात चंदन मजेत वाढतं.

पण मग हे चौथं दीड वर्ष जगलं कशावर? मी कुंपणाच्या भिंतीवरून डोकावले. पलीकडे कापलेल्या कडुनिंबाचा बुंधा. नाना म्हणाला, शेजाऱ्यांनी गाडी लावायला जागा हवी म्हणून या वैशाखात तोडला. म्हणजे भिंतीच्या खालून चंदन शेजाऱ्याच्या कडुनिंबाकडे जेवायला जात होतं. आधीची तिन्ही पुढच्या अंगणात होती, त्यांना हा शेजार लाभला नव्हता. खाणावळ बंद झाली आणि हे पिवळं पडलं.

आता एक तुरीचं रोप शेजारी लावलं, खुरपं महिनाभर लपवून ठेवलं, की झाड जगणार. आणि झाड जगलं की नाना इथंच राहणार, एकटा, त्या न्हाणीघरासकट. मी काही न बोलता चार दिवस पोहे खाल्ले की झाड दिवाळीपर्यंत जाणार, नाना पुण्याला जाणार, आणि रोहिणीला दिलेला शब्द राहणार. जेवताना नानानं तिसऱ्यांदा विचारलं, काय वाटतं तुला, जाईल का गं? मी म्हटलं, बघू. आयुष्यात इतकं पुळचट उत्तर मी कधी दिलं नव्हतं.

बिट्टन मार्केट

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती खुरप्याच्या आवाजानं. खिडकीतून बघितलं. ओल्या केसांचा नाना आळ्याशी उकिडवा बसलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोन बोटांत गवताचं नखाएवढं पातं. ते त्यानं उपटलं आणि डब्यात टाकलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. तुझ्या हातानं तूच मारतोयस रे त्याला, हे वाक्य जिभेवर आलं आणि मी ते चहाबरोबर गिळलं.

यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, तू रोहिणीला शब्द दिलायस, तोंड शिवून बस. शिवाय झाड मोठं की माणूस? प्रश्न बिनतोड होता. पण एकतीस वर्षं खडू हातात धरलेल्या बाईला चुकीचं चाललेलं दिसत असताना गप्प बसायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं.

संध्याकाळी नाना आम्हाला बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात घेऊन गेला. जमिनीवर पोती अंथरून ओळीनं भाजीवाले, मध्ये माणसांची रेटारेटी, आणि भावासाठीची घासाघीस आमच्याकडच्यापेक्षा दुप्पट लांब. आमच्याकडे भाजीवाली एकदा नाही म्हणाली की तुम्ही मेलात. इथला भाजीवाला आधी तुम्हाला ताई म्हणतो, तब्येत विचारतो, मग नाही म्हणतो, मग तुम्ही चार पावलं गेलात की हाक मारतो. नाना यात तरबेज. त्यानं सीताफळांसाठी एवढा वेळ लावला की यजमानांनी तेवढ्यात कचोरी खाऊन घेतली. सीताफळं जंगलातली, लहान, पण गोड किती म्हणून सांगू.

एका कोपऱ्यात रोपवाला बसला होता. मी सहज म्हणून विचारलं, चंदन है क्या? तो नाही म्हणाला, आणि आपणहून पुढे म्हणाला की चंदनाचं काही विचारायचं असेल तर शहराबाहेर केरवा धरणाकडे शकूरभाईंना भेटा, रोपवाटिकेत आयुष्य काढलंय त्यांनी. मी नानाकडे बघितलं. नाना गाजरं निवडण्यात गुंग झाला होता. गाजरं त्याला आवडत नाहीत.

परत येताना रिक्षात मला राहवेना. घर येईतो धीर धरला असता तर मी मी नसते. सगळं सांगितलं. मुळं, गाठी, कडुनिंब, उपासमार, एक मार्काचं उत्तर, सगळं. यजमान कपाळाला हात लावून बसले. रोहिणीला दिलेला शब्द जवाहर चौकाच्या सिग्नलला मोडला.

मला वाटलं होतं, नाना चकित होईल, हळहळेल, कदाचित आनंदानं माझा हात धरेल. तो म्हणाला, "असं काही नसतं यार सुमे." मी म्हटलं, असतं. तो म्हणाला, चंदन असं करेल का, लोकांच्या मुळांना तोंड लावेल का. मी म्हटलं, उद्या शकूरभाईंकडे जाऊ, जंगलातलं दाखवते. तर म्हणाला, तिकडे वाघ फिरतो. मग म्हणाला, रस्ता जाम असतो. मग गुडघा दुखतो. मग शकूरभाई आता तिथं राहत नसेल. मी मनात म्हटलं, काय हट्टी म्हातारा आहे. वहिनीचा नेम चुकीचा ठरतो म्हणून त्याला लागलं असेल, असंही वाटलं आणि जरा वाईटही वाटलं. पण सकाळी रिक्षा मीच ठरवली.

केरवाच्या बाजूचं जंगल

शहर संपता संपता एकदम संपतं. शेवटची इमारत, एक चहाची टपरी, आणि मग सागवान, पळस, तेंदू. पावसाळा सरून थोडेच दिवस झालेले, त्यामुळे गवत अजून मांडीएवढं आणि हिरव्यातून पिवळं होऊ घातलेलं. साताऱ्याच्या डोंगरांची सवय असलेल्या डोळ्यांना हे जंगल सपाट वाटतं, पण आत शिरलं की कळतं, ते खोल आहे. वाघाच्या पाट्या खरंच होत्या. यजमान पाटीपाशी थांबले, ती दोनदा वाचली, आणि तिथून पुढे माझ्या मागून चालू लागले.

शकूरभाई तिथंच राहत होते, अर्थात. पांढरी दाढी, हातात काठी, घराभोवती भाजीचं बारकं वावर. नानाला बघून त्यांना कोण आनंद झाला, आणि मला तेव्हाच समजायला हवं होतं की ही पहिली भेट नव्हे. पण आधी चहा आला. भोपाळच्या काही घरांत चहात मीठ घालतात. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घोट घेतला आणि यजमानांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. शकूरभाईंच्या बायकोचा हात चुकून साखरेऐवजी मिठाच्या डब्यात गेला असेल, तिचा अपमान नको, म्हणून दोघांनी कप संपवला. त्यावर त्या बाईंनी मोठ्या मायेनं आणखी अर्धा कप ओतला.

जंगलाच्या कडेला शकूरभाईंनी आम्हाला चंदन दाखवलं. मी आयुष्यभर चंदन शिकवलं, पण रानात आपसूक उगवलेलं असं पहिल्यांदाच बघत होते. दीड पुरुष उंच, चकचकीत पानं, काळी-जांभळी बारीक फळं, आणि फळांवर बुलबुलांची झुंबड. याला ना आळं, ना गेरू. चारी बाजूंनी घाणेरीचं बेट माजलेलं, त्यातून हे वर डोकं काढून उभं. शकूरभाईंनी काठीच्या टोकानं बुडाची माती उकरली, बोटांनी साफ केली, आणि मला बोलावलं. चंदनाचं बारीक मूळ घाणेरीच्या मुळाला चिकटलेलं, सांध्यावर मसुराएवढी गाठ. देवाचं झाड घाणेरीच्या मुळाला लागून पीत होतं. मी मातीत गुडघे टेकून बसले. खरंच सांगते, मला भरून आलं. एकतीस वर्षं फळ्यावर काढलेली गाठ आज प्रत्यक्ष दिसली.

त्याच वेळी माझ्या मागे एका माकडानं यजमानांच्या हातातली सीताफळांची पिशवी नेली. सगळी गेली. ते ओरडलेही नाहीत, म्हणाले, वाघ नव्हता ना, मग नेऊ दे.

मी नानाला हाक मारली, ये, बघ आपल्या डोळ्यांनी. तो दहा पावलांवर उभा राहून एका झाडावरचा पक्षी बघत होता. झाडावर पक्षी नव्हता. शकूरभाई हसले आणि मला म्हणाले, "बहनजी, चंदन अकेला नहीं जीता. बगल में कोई चाहिए इसको. भाईसाहब को तो मैंने पिछली दीवाली पे ही समझा दिया था. तुअर का पौधा भी दिया था." मग नानाकडे वळून, भोपाळी दोस्तीतलं ‘खां’ लावत, अगदी साधेपणानं, "लगाया नहीं क्या, खां?"

नाना पक्ष्याकडेच बघत राहिला.

येताना शकूरभाईंनी वावरातून तुरीचं एक रोप मातीच्या गड्ड्यासकट काढून पिशवीत घालून दिलं. रिक्षात ती पिशवी माझ्या मांडीवर होती. यजमानांना बोलायचं नव्हतं, नानाला सुचत नव्हतं, आणि मी बोलले असते तर भांडलेच असते.

पुन्हा मागचं अंगण

अंगणात आल्यावर मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "नाना, तुला वर्षभर माहीत होतं."

"हो," तो म्हणाला आणि पायरीवर बसला.

मग त्यानं सांगितलं, आळ्याकडे बघत, माझ्याकडे न बघता. पहिली तीन खरोखर अडाणीपणानं गेली. प्रत्येक वेळी वहिनी रडली आणि पुढच्या वेळी दोघांनी आणखी मन लावून तण काढलं. चौथं त्यानं जिवापाड जपायचं म्हणूनच लावलं होतं, आणि पुण्यात जे बोलला तेही मनापासून बोलला होता. पण मग घर खायला उठलं. संध्याकाळी सातनंतर फ्रिजचाच काय तो आवाज. गेल्या दिवाळीत त्यानं बाजारातून चकली आणली, डब्यात भरली, आणि कुणाला द्यायची ते त्याला कळेना. त्याच आठवड्यात शकूरभाईनं चंदनाचं गुपित सांगितलं आणि तुरीचं रोप हातात ठेवलं. ते रोप नानानं येताना वाटेतच एका शेताच्या बांधावर लावून टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी अंघोळ करून पुन्हा खुरपं घेऊन बसला.

म्हणजे झाड जाईना म्हणून हा कंटाळला होता. भिंतीपलीकडचा कडुनिंब त्याला गुपचूप पोसत होता हे बिचाऱ्याला कुठं ठाऊक. पिवळं पडलं तेव्हा आपणहून फोन करून रोहिणीला कळवणाराही हाच.

मला हसावं की त्याला बदडावं ते कळेना. मी म्हटलं, अरे जायचं होतं तर नुसतं येतो म्हणायचं. तुझी स्वतःची लेक आहे. रोज वाट बघते.

"सत्तर जणांसमोर बोललो गं मी. शब्द कसा फिरवू? बांडगूळ म्हटलं मी, तिच्याच घरात बसून, तिचंच जेवत." त्यानं चष्मा काढून पुसला. "मला जायचंय सुमे. फार वाटतं जावंसं. पण आपणहून म्हणवत नाही."

मग उपटून का नाही टाकलंस, मी विचारलं. माझा आवाज चढला होता. त्यानं मान हलवली. तिनं मागितलेलं झाड, त्याचा हात धजत नव्हता. आपणहून गेलं असतं तर कुणाचाच दोष नव्हता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला फार राग आला. या माणसानं दोन तास न्हाणीघरात पडून राहूनही कुणाला हाक मारली नव्हती, आणि आता एका अर्ध्या वाळलेल्या झाडाकडून तो परवानगी मागत बसला होता. तेही आपल्याच हातानं त्याला उपाशी ठेवून, आणि रोज अंघोळ करून. आमच्या घराण्यातले सगळे पुरुष असेच. माझे वडील तर तापात असले तरी डॉक्टर "सहज गप्पा मारायला" आला असं सांगितल्यावरच नाडी दाखवायचे.

मी भिंतीवरचं खुरपं काढलं. आळ्यात चंदनापासून वीतभर अंतरावर खड्डा केला, तुरीचं रोप गड्ड्यासकट बसवलं, माती लोटली, तांब्याभर पाणी घातलं. यजमानांनी विचारलं, अगं पण रोहिणीला काय सांगणार? नाना गुडघ्यांवर हात ठेवून बघत होता. शेवटी म्हणाला, आता हे जगणार? मी म्हटलं, जगणार. पंधरा-वीस वर्षांनी गंधही निघेल. शकूरभाई इथं जवळच जवाहर चौकात येतात-जातात म्हणत होते, त्यांना किल्ली देऊन ठेव, पाणी घालतील. नाना बरं म्हणाला. झाड जगणार हे ऐकून माणसाचा चेहरा इतका उतरलेला मी कधी बघितला नव्हता.

मी नळावर हात धुतले, फोन घेतला आणि नानाच्या समोर उभं राहून रोहिणीला लावला. हे छापून आलं की रोहिणी वाचणार, हे मला माहीत आहे. तोवर नाना तिच्या घरी इतका रुळलेला असेल की तिला रागवायला सवड मिळणार नाही.

एकतीस वर्षं मुलांच्या वह्यांत, न बघता लिहिलेल्या प्रत्येक निरीक्षणावर मी लाल रेघ मारली आहे. आणि त्या दिवशी, समोर जिवंत उभ्या असलेल्या झाडाकडे बघत, मी स्वच्छ आवाजात म्हटलं, "रोहिणी, झाड गेलं गं."

यजमानांना ठसका लागला. नाना पायरीवरून उठून उभा राहिला. रोहिणीनं स्वतःच मागितलेली बातमी होती, पण आईच्या नावाचं झाड ते, तिचा आवाज भरून आला. बाबा कसे आहेत, एवढंच तिनं विचारलं. मी फोन नानाच्या हातात दिला.

त्यानं तो कानाला लावला. ऐकता ऐकता आळ्यापाशी आला. तुरीचं रोप माझ्या घाईमुळे जरा तिरकं बसलं होतं.

"हो गं, गेलं," नाना म्हणाला, आणि पायानं तुरीच्या बुडाशी माती घट्ट दाबली. "तू कधी येतेस मला न्यायला?"